वॅट लागली!

लॅमिंग्टन रोडवर एक शनिवार, एक ॲम्प्लिफायर आणि बाबा

एकतीस डिसेंबरच्या रात्री, बारा वाजायला थोडा वेळ असताना, आमच्या हॉलमधला उजवा स्पीकर गेला. धूर नाही, स्फोट नाही, फिल्मी असं काहीच नाही. गाणं चालू होतं, मंडळी नाचत होती, कुणाला कळलंही नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबांनी नेहमीप्रमाणे सात वाजता भीमसेन जोशींची तोडी लावली. पाच मिनिटं ऐकली. उठून उजव्या स्पीकरला कान लावला आणि काही न बोलता सगळं बंद केलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

कारण हे स्पीकर म्हणजे साधी चीज नाही. १९८४ मध्ये बाबांनी ऑफिसातून ॲडव्हान्स काढून ते लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. सागवानी खोकी, आठ इंची वूफर, वर इवलासा ट्विटर. आईला त्या वर्षी शिलाई मशीन हवं होतं, ती गोष्ट ती अजूनही काढते. सोबतचा ॲम्प्लिफायर २६ जुलै २००५ च्या पुरात गेला. डोंबिवलीत तेव्हा आमचं तळमजल्यावर घर होतं. ॲम्प्लिफायर शोकेसच्या खालच्या कप्प्यात होता, स्पीकर वरच्या फळीवर. म्हणून ते वाचले. पण पुढची जवळजवळ वीस वर्षं नुसते शोभेला. गणपतीत त्यांच्यावर लायटिंगच्या माळा चढायच्या, एवढाच काय तो त्यांचा उपयोग.

गेल्या दिवाळीत म्हटलं, बास, आता यांना पुन्हा बोलतं करायचं. ऑनलाइन एक तळहाताएवढा ॲम्प्लिफायर मागवला. डब्यावर ठळक अक्षरात ५० वॅट अधिक ५० वॅट. पाडव्याच्या पहाटे जोडला. बाबा समोर खुर्ची ओढून बसले ते दोन तास हललेच नाहीत. मग रोजचंच झालं. सकाळी सात ते आठ बाबा, चहा आणि गाणं.

आणि मग माझी ती पार्टी. एक जानेवारीपासून बाबा पुन्हा मोबाईल कानाशी धरून गाणं ऐकायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस बाल्कनीत उभा राहून फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून भीमसेन ऐकतोय, हे दृश्य रोज सकाळी ऑफिसला निघताना बघायचं. तुम्हीच सांगा, कसं वाटेल?

चोवीस वॅटचा शंभर कसा होतो?

डोंबिवलीतल्या रिपेअरवाल्या काकांनी ट्विटर उघडून आतली जळालेली कॉइल दाखवली. केसासारखी बारीक तार, मधेच काळी पडलेली.

“ॲम्प्लिफायर केवढा होता?”

“पन्नास-पन्नास वॅटचा.”

“आणि ॲडॉप्टर?”

मी पिशवीतून काढून दिला. त्यावर लिहिलं होतं, १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर. काका हसले. “बारा दुणे किती? चोवीस. जो डबा भिंतीतून चोवीस वॅट घेतो तो बाहेर शंभर वॅट कुठून देणार? कर्ज काढून?”

हा एवढा साधा गुणाकार मी, चांगला बारावी सायन्स झालेला माणूस, केला नव्हता. काकांनी पुढचं गणितही मांडून दाखवलं. १२ व्होल्टवर चालणारा तसला ॲम्प्लिफायर ८ ओमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जेमतेम ९ वॅट देऊ शकतो. डब्यावरचे ५० वॅट मिळतात, पण जास्त व्होल्टचा सप्लाय असेल, स्पीकर ४ ओमचा असेल आणि आवाज चांगलाच फाटलेला चालणार असेल तर.

“पण मग कमी पॉवरमुळे स्पीकर कसा जळेल?” माझा भाबडा प्रश्न.

खरी गंमत इथेच आहे. ॲम्प्लिफायरकडे नऊ वॅट आहेत आणि तुम्ही व्हॉल्यूम फिरवत वीस मागताय. तो देऊ शकत नाही. मग आवाजाच्या लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. याला म्हणतात क्लिपिंग. ढोल आणि बेस छताला डोकं आपटून तिथेच थांबतात, पण मागची बारीक, तीव्र स्वरांची गर्दी व्हॉल्यूमबरोबर वाढतच राहते. शिवाय त्या कापलेल्या लाटांमधून मूळ गाण्यात नसलेले आणखी तीव्र स्वर तयार होतात. हे सगळं जातं कुठे? बिचाऱ्या ट्विटरकडे. त्याचा जीव केवढा, तर काही वॅटचा. त्यात वय चाळीसच्या वर. दोन तास त्यानं सहन केलं, हेच खूप.

थोडक्यात, ॲम्प्लिफायर मोठा होता म्हणून स्पीकर गेला नाही. तो छोटा होता आणि मी त्याला मोठं समजलो, म्हणून गेला.

काकांनी नवी कॉइल टाकून दिली आणि वर दम दिला. “आता नीट पॉवर ॲम्प्लिफायर घे. परत जाळलास तर असली कॉइल मिळायची नाही.”

जे या भानगडीत नवे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. ज्याला आपण सरसकट ‘ॲम्प्लिफायर’ म्हणतो त्यात दोन कामं असतात. गाणं निवडणं आणि आवाज कमी-जास्त करणं हे प्रीॲम्पचं काम. त्या नाजूक सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणं हे पॉवर ॲम्पचं. दोन्ही एका डब्यात असले की तो झाला इंटिग्रेटेड. फोनवरून गाणी घेणारा आणि व्हॉल्यूमचं बटण असलेला एक डबा माझ्याकडे होता. मला हवा होता नुसता हमाल. पण चांगल्या घरचा!

ग्रँट रोड, पूर्व

“लॅमिंग्टनला जायचंय? मी येतो,” बाबा म्हणाले. एक जानेवारीनंतर या विषयावर ते बोललेलं हे पहिलं वाक्य.

शनिवारी सकाळी दादरला गाडी बदलली. ग्रँट रोडला फास्ट गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे स्लो पकडायची. पूर्वेला उतरलो तसे बाबा एकदम १९८४ मध्ये गेले. तेव्हा इथे यायचं म्हणजे आधी स्टेशनसमोरच्या मेरवानकडे मावा केक आणि चहा, आणि मग खरेदी. मावा केक लवकर संपायचे म्हणून सकाळची गाडी पकडायची. हे सगळं मला चालता चालता कळत होतं.

पाच मिनिटांत लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचाराल तर टॅक्सीवालाही तुमच्याकडे दोनदा बघेल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांमध्ये हेही होते. आज त्यांच्या नावाने लोक सीसीटीव्ही, लॅपटॉपचे चार्जर आणि एचडीएमआय केबल विकत घेतात. इतिहासाचाही काय फंडा असतो बघा!

फुटपाथवर रिमोटचे ढीग. टीव्ही कुठल्याही जमान्यातला असो, रिमोट इथे मिळणार. आतल्या गल्ल्यांत रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर मोजून देणारी दुकानं. काउंटरच्या मागे शेकडो छोटे ड्रॉवर आणि कुठल्या ड्रॉवरमध्ये काय, हे फक्त आतल्या माणसाच्या डोक्यात. “बॉस, क्या मंगता है?” हा इथला नमस्कार. इंजिनीअरिंगच्या पोरांनी प्रोजेक्टसाठी, मंडपवाल्यांनी गणपतीसाठी आणि बाबांसारख्यांनी गाण्यासाठी हाच रस्ता तुडवलाय.

चालताना बाबा मधेच थांबले. “इथे मिनर्व्हा होतं.”

मिनर्व्हा टॉकीज. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला आणि इथे पाच वर्षांहून जास्त चालला. ७० एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. नाणं उडवायच्या सीनमध्ये नाणं पडल्याचा आवाज आला की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघायचे, ही कथा तुम्हीही ऐकली असेल. “खरंच बघायचे?” मी विचारलं. बाबा म्हणाले, “मी बघितलं होतं.” आता तिथे थिएटर नाही. पण मला एक उलगडा झाला. पावणेतीनशे रुपये पगाराचा माणूस पुढे ॲडव्हान्स काढून स्पीकर का घेतो, याचं बीज त्या नाण्यात होतं.

दुकान पहिलं, दुसरं, तिसरं

पहिल्या दुकानात एसी, काचेचा दरवाजा आणि टाय लावलेला तरुण. त्यानं आम्हाला थेट सात स्पीकर जोडायच्या एव्ही रिसीव्हरसमोर बसवलं. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, पाऊस पडला, मागून कुणीतरी गोळी झाडली. झक्कास! पण आमच्याकडे स्पीकर दोन, आणि बाबांना हेलिकॉप्टर ऐकायचं नव्हतं. पाच वाहिन्यांचे पैसे भिंतीत घालायचे कशाला?

दुसरं दुकान डीजेवाल्यांचं. “पाँचसौ वॅट, साब! पूरा सोसायटी हिलेगा.” किंमतही आवाक्यातली. मी थोडा विरघळलो. बाबांनी फक्त एवढंच सांगितलं, “गाणं बंद करून नुसता चालू ठेवा.” घूँऽऽऽ. मागे थंड करायचा पंखा. पेंडॉलमध्ये तो कुणाला ऐकू येणार? पण सकाळी सात वाजता, तानपुरा लागत असताना, हॉलमध्ये तिसरा कुणीतरी श्वास घेतोय असं वाटेल. बाद.

तिसऱ्या दुकानात होते मंडप-सभागृहाचे ॲम्प्लिफायर, आहुजासारखे. गावोगावच्या सभा, कीर्तनं, गॅदरिंग यांनीच गाजवलीत. टिकाऊपणाला तोड नाही. पण त्यांची रचनाच वेगळी. मागे माईकची भोकं आणि लांबवर तारा टाकून भोंगे जोडायला ७० आणि १०० व्होल्टची टर्मिनल. शाळेच्या मैदानासाठी उत्तम, बारा बाय चौदाच्या हॉलसाठी नाही.

वाटेत एका काचेआड व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर दिसला. नारिंगी दिवे, अंधाऱ्या खोलीत देव्हाऱ्यासारखा. मी पाच मिनिटं नुसता बघत उभा. ताकद जेमतेम आठ वॅट, किंमत विचारली आणि नमस्कार करून पुढे निघालो.

‘दोन्हीचा आवाज सारखा करा’

चौथं दुकान जिना चढून वर. दुकान कसलं, पोटमाळाच. सोल्डरिंगचा वास, टेबलावर मल्टिमीटर, कोपऱ्यात उघडे पडलेले ॲम्प्लिफायर. इथले शेठ स्वतः ॲम्प्लिफायर बांधतात आणि जुने दुरुस्त करून विकतात. त्यांनी आमच्यापुढे दोन मांडले. एक नवा, क्लास-डीचा, पुस्तकाएवढा. दुसरा जुना, क्लास-एबी, ५० वॅटचा, दुरुस्त केलेला, वजन अकरा किलो.

आधी छोटा वाजवला, मग मोठा. मला मोठा स्पष्टपणे सरस वाटला. जास्त भरीव, जास्त जिवंत. मी पाकीट काढायच्या बेतात.

बाबा म्हणाले, “शेठ, दोन्हीचा आवाज सारखा करा. आणि कुठला चालू आहे ते सांगू नका.”

शेठ गालातल्या गालात हसले. मीटर लावून दोन्ही मोजून सारखे केले. आणि काय सांगू! फरक गायब. मी दहापैकी पाच वेळा बरोबर ओळखलं. म्हणजे नाणेफेकच. ‘शोले’चं नाणं पुन्हा आलं!

माणसाचा कान असा आहे की किंचित मोठा आवाज त्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकानं अशीच डोळे झाकून परीक्षा घेतली होती. स्वस्त आणि प्रचंड महाग ॲम्प्लिफायर, आवाजाची पातळी मोजून सारखी केलेली. ऐकणाऱ्यांना खात्रीनं फरक ओळखता आला नाही. यावर हौशी मंडळी आजही भांडतात.

“मग निवडायचं तरी काय?” मी जरा वैतागूनच विचारलं. “सगळे सारखेच, तर तो दीड हजारवाला काय वाईट होता?”

“सारखे कधी? जोपर्यंत दमात आहेत तोपर्यंत,” शेठ म्हणाले. “दम संपला की प्रत्येकाचा असली चेहरा दिसतो.”

बाबांनी एका शब्दात सांगितलं. “दमसास.”

बस! सगळा विषय त्या एका शब्दात आला. तयारीचा गवई मंद्रात गातो तेव्हाही त्याच्याकडे तार सप्तकाचा श्वास शिल्लक असतो, म्हणून ते गाणं निवांत वाटतं. कच्चा गवई वर पोचतो, पण मानेच्या शिरा दिसतात. वॅट म्हणजे आवाज नाही. वॅट म्हणजे दमसास.

शेठनी बिलाच्या मागे हिशेब मांडला. बाबांच्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण ८८ डेसिबल. दहा फुटांवरच्या खुर्चीपर्यंत, खोलीचा परिणाम धरून, समजा ८३. आपण घरात छान ऐकतो ते सरासरी ७५. त्याला किती लागतं? एका वॅटचा सहावा हिस्सा! वाचून हसू येतंय ना? पण गाण्यात सरासरीपेक्षा २० डेसिबल वर उसळणारे क्षण असतात. तबल्याची थाप, समेवरची तान. दर दहा डेसिबलला ताकद दहापट लागते, म्हणजे वीसला शंभरपट. सहावा हिस्सा गुणिले शंभर, झाले सोळा वॅट. क्षणभरच, पण लागतात. सरासरी आवाज आणखी पाच डेसिबल वाढवला की पन्नास. माझा चिमुकला नऊ वॅटवर ढेपाळत होता, म्हणजे प्रत्येक जोरकस थापेला त्याची मान आवळली जात होती.

उलटंही खरं. पन्नासच्या जागी शंभर घेतले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून साठ की ऐंशी यावर रात्र जागवू नका, मंडळी.

आकड्यांचा बाजार जुनाच आहे. अमेरिकेत वॅटच्या थापा इतक्या वाढल्या की १९७४ मध्ये सरकारला नियम करावा लागला. आपल्याकडे नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आठवतात? हातात धरता येईल एवढा डबा आणि वर हजारात लिहिलेले पीएमपीओ वॅट. आणि दुसऱ्या टोकाला १९७८ चा नॅड ३०२०. कागदावर फक्त २० वॅट. पण थापेच्या क्षणाला त्याहून बराच जास्त दम, आणि क्लिपिंग सौम्य करणारी सोय आतच. जगभर खपला. शेठच्या कपाटात एक होता. विकायचा नव्हता.

क्लास-डीवर मात्र अन्याय नको. माझ्या घरी जळालं ते क्लास-डीमुळे नाही, ॲडॉप्टरमुळे. ही जात कमी तापते, वीज वाचवते आणि चांगला सप्लाय दिला तर उत्तम वाजते. शेठच्या पुस्तकाएवढ्या डब्याचा सप्लाय वेगळा आणि दणकट होता, पण त्याची किंमत आमच्या बजेटच्या वर जात होती. अकरा किलोवाला साडेसतरा हजार सांगून सोळावर आला. बाबांनी अर्धा तास घासाघीस केली. मी मधे बोललो की ते पायावर पाय देत होते.

पैसे देण्याआधी तपासणी. इनपुट काहीच न जोडता ट्विटरला कान लावला. हम नाही, फक्त हलकी सुस्स. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सप्लाय खराब असला तर खर्जात गुणगुण ऐकू येते. चालू करताना तीन-चार सेकंदांनी रिलेचा ‘टक्’. म्हणजे स्पीकरला धक्का बसू नये याची सोय आहे. मग शेठनी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. डीसी १२ मिलिव्होल्ट. “पचास के नीचे है तो टेन्शन नहीं.” आतले मोठे कपॅसिटर नवे घातलेले दाखवले. आऊटपुट ट्रान्झिस्टर मूळचेच होते, ही जमेची बाजू, कारण बाजारात डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे.

“आता तासभर वाजू दे,” शेठ म्हणाले. “चक्कर मारून या. तापला तर घेऊ नका.”

माईक नसलेलं थिएटर

तासाभराचं काय करायचं? बाबा दक्षिणेकडे चालायला लागले. रस्ता संपता संपता रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ मध्ये बंद, आणि डागडुजी होऊन २०१६ मध्ये पुन्हा सुरू. मधल्या तेवीस वर्षांत बाबांनी ते फक्त टॅक्सीच्या खिडकीतून बंद पाहिलेलं.

“इथे बालगंधर्व गायलेत,” बाबा म्हणाले. “दीनानाथही.”

समोरच्या फुटपाथवर उभं राहून मी त्या नक्षीदार दर्शनी भागाकडे बघत होतो. संगीत नाटकांच्या ऐन बहरात माईक नव्हतेच. नटानं गायचं आणि शेवटच्या रांगेतल्या माणसानं ऐकायचं, मधे फक्त हवा. त्या हवेला ढकलायची ताकद गळ्यातून यायची आणि बाकीचं काम थिएटरच्या भिंती करायच्या. म्हणजे ॲम्प्लिफायर होताच. त्याचं नाव दमसास.

“माझी चूक झाली बाबा,” मी म्हटलं. स्पीकरबद्दल. इतके दिवस राहून गेलं होतं.

“ती कॉइल तशीही जुनी झालेली रे,” बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, “मला वाटलं, तू आता ते काढून टाकणार. हल्लीचं काहीतरी छोटं आणणार.”

एवढंच. मग आम्ही परत फिरलो.

पोटमाळ्यावर ॲम्प्लिफायर वाजत होता. हीटसिंकला हात लावला, चहाच्या कपाइतका कोमट. बाबांनी पिशवीतून स्वतःची सीडी काढली. “तोडीची वेळ टळलीय, पण लावा.” शेठनी लावली. अर्ध्या मिनिटात टेबलावर सोल्डरिंग करणारा पोरगाही हात थांबवून ऐकायला लागला. शेठ म्हणाले, “पॅक कर.”

अकरा किलो, मांडीवर

टॅक्सी करू म्हटलं तर बाबा ऐकायला तयार नाहीत. १९८४ ला स्पीकर लोकलनंच आणले होते म्हणे. ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली. बाबांना बसायला जागा मिळाली आणि खोका त्यांच्या मांडीवर. शेजारच्या काकांनी ठाण्यापर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच, “मिक्सर का?”

“हो,” बाबा म्हणाले. “गाणी दळतो.”

घरी खोका उघडायच्या आधी जागा ठरवली. शोकेसच्या खालचा कप्पा नाही! वर मोकळी हवा लागते, म्हणून फळीवर, वरून चार बोटं मोकळी. प्लग तीन पिनांचा, अर्थिंग तपासून. लाल-काळ्या तारा दोन्ही स्पीकरना एकाच पद्धतीनं, नाहीतर बेस गुपचूप गायब होतो.

रविवारी सकाळी सात. चहा. तोडी. व्हॉल्यूमचा काटा नऊ वाजल्याच्या जागी, वरच्या मजल्यावरच्या काकूंची झोप शाबूत राहील इतपत. पहिल्यांदा तानपुरा आला. दोन्हीकडून. बाबा उठले, उजव्या स्पीकरजवळ गेले आणि कान लावून उभे राहिले. मी श्वास रोखून. आईनंही स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलेलं.

बाबा परत येऊन खुर्चीत बसले. डोळे मिटले.

“छान आहे,” म्हणाले. आणि मग डोळे न उघडताच, “एकतीस डिसेंबरला मात्र मित्रांना बाहेर ने.”

तुम्ही निघालात तर...

• रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवार सकाळ उत्तम. पश्चिम रेल्वेची स्लो गाडी, ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर.

• निघताना स्पीकरच्या मागच्या लेबलचा फोटो काढा. किती ओम आणि किती डेसिबल, हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे. स्पीकर ४ ओमचा असेल तर ॲम्प्लिफायर तो झेपवतो ना, हे आधी विचारा.

• वॅट विचारताना पुढचे तीन प्रश्नही विचारा. किती ओमला? दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना? आणि किती टक्के विकृतीला?

• पाठ असलेलं गाणं सोबत न्या. दुकानातल्या गाण्यावर सगळेच ॲम्प्लिफायर छान वाजतात.

• रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात कायद्याची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दमसास आहे म्हणून तो दाखवायलाच हवा असं नाही!